लाकडातला अग्नी

सकाळी पाणी अंगणाच्या पायऱ्यांपैकी वरून पाचव्या पायरीला होतं. दुपारची जेवणं व्हायच्या आत ते तिसऱ्या पायरीला आलं. देवसेनेने बांबूची एक कामटी कोपऱ्यात रोवून तिच्यावर नखाने खुणा केल्या होत्या. घटकेला दोन बोटं. पाण्याची चाल कमी होत नव्हती आणि वाढतही नव्हती, त्यामुळे हिशेब सोपा होता. दिवेलागणीच्या सुमाराला भारतपुळा नदी त्यांच्या अग्निशाळेत शिरणार होती.

भर पावसाचा कर्कटक महिना लागून दोनच दिवस झाले होते. गावातली बाकीची नंबुद्री ब्राह्मणांची घरं कालच टेकडीवरच्या देवळात गेली होती, गुरंही तिकडेच हाकलली होती. मागे राहिलं होतं हे एक घर, कारण या घरात अग्नी होता.

तेवीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, सोमयाजी ब्रह्मदत्तनने, तिला शेजारी बसवून तो स्थापला होता. तेव्हापासून रोज सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला त्यात दुधाची आहुती पडत होती. एकही वेळ चुकली नव्हती. दोघांनी मिळून गावाची शीव ओलांडली की अग्नी नुसता चुलीतला विस्तव होतो, असा नियम. म्हणून तेवीस वर्षांत ती दोघं कुठेही बरोबर गेली नव्हती. तिचे वडील वारले तेव्हा तो जाऊन आला, ती अग्नीजवळ बसली.

"अहो, निघायला हवं," ती म्हणाली.

"तू जा. चिरुतेला घे बरोबर. मी बसतो इथे."

"बसून काय होणार?"

"माझ्या डोळ्यांदेखत विझला तर निदान एकटा विझणार नाही."

"एकटा कसा विझेल? तुम्हाला पोहता कुठे येतं!"

दाराशी उभी असलेली चिरुता फिस्सकन हसली. ही नायर जातीची दासी देवसेनेबरोबर लग्नात आली होती आणि तिच्या जिभेला तेव्हापासून कोणी लगाम घातला नव्हता. "देवळाच्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात बुडाले होते आमचे धनी, तिरुमेनी. मीच काठी पुढे केली होती."

"ती शेवाळावरून घसरगुंडी होती," सोमयाजी म्हणाला.

"असेल. काठी माझी होती."

देवसेना अग्नीकडे बघत होती. "अरणीत घ्या त्याला," ती म्हणाली.

प्रवासाला निघताना अग्निहोत्री अरणीचं लाकूड अग्नीवर तापवतो, मंत्र म्हणतो, आणि अग्नी त्या लाकडात जाऊन बसतो. मुक्कामी पोचल्यावर घुसळून पुन्हा बाहेर काढायचा. सूत्रात ते सगळं होतं. त्याने कधी केलं नव्हतं.

"पुढच्या आहुतीच्या आत बाहेर आला पाहिजे," तो म्हणाला. "म्हणजे आज सूर्यास्ताच्या आत. नाही आला तर संपलं. मग चार ऋत्विज, नवा मुहूर्त, नवं आधान. आणि माझे हात बघ." त्याने हात पुढे केले. ते वर्षभर थरथरत होते. "या हातांनी पुन्हा होणार नाही, देवसेने. मग मेल्यावर मला साध्या विस्तवावर जाळतील. तुलाही."

"इथे बसलात तर जाळायला काही सापडणार नाही," चिरुता म्हणाली.

देवसेना नवऱ्याच्या हातांकडे बघत होती. एक छत्री सोडली तर या घरात तिच्या नावाचं असं काही नव्हतं. शेत, गुरं, भांडी घराची. माहेरहून आलेल्या पितळी बांगड्यासुद्धा घराच्या. अग्नी मात्र एकट्या पुरुषाला ठेवता येत नाही. तिथे ती अर्धी मालकीण होती, आणि तो अर्धा वाटा बुडू द्यायची तिची तयारी नव्हती.

"तापवा," ती म्हणाली.

त्याने तापवलं. लाकूड ऊन झालं, मंत्र संपला, आणि उरलेल्या निखाऱ्यांकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. देवसेनेने दोन्ही अरण्या कोरड्या धोतरात गुंडाळून पोटाशी बांधल्या. लाकूड अजून गरम होतं. मंथनाची दोरी, मंथा आणि ठिणगी धरायला लागणारा नारळाचा काथ्या तिने एका टोपलीत भरला. अग्निशाळेच्या आढ्याला टांगलेली आपली छत्री तिने शेवटी काढली.

चात्तूची होडी थेट ओसरीला लागली. चात्तू ताडी उतरवणारा. त्याच्या जातीच्या माणसाने नंबुद्रीपासून बत्तीस पावलं लांब राहायचं.

"तिरुमेनी," तो होडीच्या पार टोकाला सरकत म्हणाला, "नियमाएवढी लांब होडी अजून कोणी बांधली नाही हो."

"मधे पाणी आहे असं समज."

"पाणी तर सगळीकडेच आहे, तिरुमेनी." आणि त्याने बांबू टेकवला.

देवसेना मधोमध बसली, छत्री चेहऱ्यापुढे झुकवून. ताडपत्रांचे थर एकावर एक शिवलेली, बांबूच्या दांड्याची ही छत्री नंबुद्री घरची बाई उंबऱ्याबाहेर पडताना धरते. पुरुषाने तिचं तोंड पाहायचं नाही आणि तिने त्याचं. बाईवर आळ आला, पंचांनी निकाल दिला, की आधी तिच्या हातातली छत्री काढून घेतात. त्यानंतर तिचं नाव त्या घरात कोणी घेत नाही. देवसेनेच्या एका आत्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं ते असंच.

चिरुता होडीच्या नाळेवर उभी राहिली आणि आत्तोल, म्हणजे नंबुद्री घरची बाई, बाहेर पडली की द्यायची हाक तिने सवयीने दिली, "हो! हो! बाजूला व्हा! आत्तोल येताहेत!"

"कोणाला सांगतेस?" चात्तू म्हणाला. "चहूकडे मासे आहेत नुसते."

"माशांनाही डोळे असतात. तू वल्हव."

पाऊस आडवा लागत होता. देवसेनेने छत्री चेहऱ्यावरून पोटावर आणली. चिरुतेने वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं. सोमयाजी चिंब भिजत मंत्र पुटपुटत होता. बुडालेल्या सुपारीच्या बागेतून जाताना होडी एका बुंध्यावर आपटली आणि हातभर पाणी आत आलं. तिघांनी ओंजळींनी उपसलं. टोपलीची आठवण देवसेनेला उपसून झाल्यावर आली. काथ्या पिळून काढावा इतका भिजला होता.

टेकडीवरच्या देवळात चारी ओवऱ्या माणसांनी भरल्या होत्या. एका कोपऱ्यात सहा-सात छत्र्या एकमेकींना टेकून होत्या, म्हणजे त्यामागे बायका होत्या. सूर्य दोन दिवस दिसला नव्हता. वेळेला आधार एकच, देवळाचं घटिकापात्र. तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवलेली. ती भरून बुडाली की एक घटका.

"सूर्यास्ताला चार उरल्या," राखण करणारा म्हणाला.

यज्ञमंडपात कुंजुण्णी ओदिक्कन बसले होते. पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांना त्यांनी वेद पाठ करून दिला होता. सूत्रातला शब्द इकडचा तिकडे झाला तर ते जेवत नसत. त्यांनी हकीकत ऐकली, अग्निहोत्राला लागतात ती विटांची तीन कुंडं मांडायला जागा करून दिली, आणि म्हणाले, "लाकूड भिजलंय?"

छत्रीमागून देवसेना चिरुतेला म्हणाली, "सांग, लाकूड कोरडं आहे."

"आत्तोलम्मा म्हणतात, लाकूड कोरडं आहे," चिरुतेने ओदिक्कनांना सांगितलं. ते चार हातांवर होते.

मंथन सुरू झालं. खालची अरणी जमिनीवर, तिच्या खोबणीत उभा मंथा, ताकाच्या रवीसारखी त्याला गुंडाळलेली दोरी. पहिला ओढा पत्नीचा, तो नियमच. सोमयाजीने मंथ्याच्या डोक्यावर सगळा भार दिला आणि देवसेनेने छत्री खांद्याला टेकवून दोरी ओढली. डावा, उजवा, डावा. लाकूड आधी कुरकुरलं, मग त्याचा आवाज बारीक झाला. खोबणीत काळा भुगा साचला. धुराची एक रेघ निघाली. सोमयाजीने भुगा काथ्यावर झटकला, तोंड जवळ नेलं, फुंकर घातली. भुग्यात मोहरीएवढा लाल ठिपका होता. ओल्या काथ्याला लागून तो चर्र वाजला आणि गेला.

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा दोरी ओढताना तिच्या तळहाताची कातडी सोलली.

"दोन उरल्या," राखणदार ओरडला.

"गाभाऱ्यात दिवा आहे की!" चिरुता म्हणाली. "त्याच्यावर काथ्या शेकून आणते. क्षणभराचं काम."

"आणशील!" ओदिक्कन गरजले. "दुसऱ्या अग्नीची ऊब लागलेलं इंधन याला घातलंस तर तो संकर झाला. मग हा अग्नी यांचा राहिला कुठे? त्यापेक्षा विझलेला बरा."

"बरा कोणासाठी?"

"चिरुते," सोमयाजी म्हणाला. त्याचा आवाज पार खाली गेला होता. तो मंथ्यावरून उठला आणि भिंतीला टेकून बसला. "ओदिक्कन बरोबर सांगतात."

देवसेनेलाही ते बरोबर वाटत होतं. हट्ट करून उपयोग नव्हता. कोरडं काहीतरी हवं होतं, आणि त्याला दुसऱ्या कुठल्याही अग्नीचा स्पर्श नको होता. टेकडीवरचं जे जे कोरडं होतं ते कुठल्या ना कुठल्या चुलीवर, दिव्यावर, शेगडीवर वाळलेलं होतं. त्या कोपऱ्यातल्या छत्र्यासुद्धा. बायका छत्री स्वयंपाकघरात चुलीवर टांगतात, धुराने कीड लागत नाही.

ती मात्र आपली छत्री अग्निशाळेत टांगत आली होती. तिचा दिवस तिथेच जायचा, म्हणून. वरचं पान ओलं होतं, पण खालचे थर? तिने छत्रीच्या आतून बोट घातलं. पान कुरकुरलं. तीन वर्षं ते याच अग्नीच्या उबेत वाळलं होतं.

"चिरुते," ती म्हणाली, "ओदिक्कनांना विचार. याच अग्नीच्या धुराने वाळलेलं पान चालेल का?"

"आत्तोलम्मा विचारतात..."

"ऐकलं. चालेल. पण आणणार कुठून?"

"विचार, पत्नीने मंथनाच्या वेळी छत्री धरावी, असं सूत्रात कुठे म्हटलंय का?"

चिरुता ओदिक्कनांकडे वळली आणि तशीच परत फिरली. आता तिच्या ध्यानात आलं होतं. "आत्तोलम्मा, असलं काही विचारू नका हो."

ओदिक्कनांच्याही ध्यानात आलं. "चिरुते, त्यांना सांग," ते सावकाश म्हणाले, "सूत्रात नाही. पण आचारात आहे. छत्री गेलेल्या बाईचं काय होतं, हे त्यांना कोणी सांगायला नको. उद्या पंच बसले, तर मला विचारतील. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाकारू शकणार नाही."

"देवसेने," सोमयाजी भिंतीशी म्हणाला, "नको. अग्नी गेला तर गेला. तू नको जाऊस."

ते शब्द तिने ऐकले. तेवीस वर्षांत तो असं काही बोलला नव्हता. क्षणभर तिच्या हातातला दांडा ढिला झाला. मग तिने तो घट्ट धरला, छत्री चेहऱ्यापुढून काढली आणि उलटी करून जमिनीवर ठेवली.

ओवरीतले पुरुष पाहता पाहता भिंतीकडे वळले. कुणी सांगितलं नव्हतं. पाठीच पाठी दिसायला लागल्या.

तिचं तोंड घामाने आणि काजळीने भरलेलं होतं. तिने वरचं ओलं पान फाडून बाजूला टाकलं. खालून दुसरं, तिसरं. चौथ्याचा रंग जुन्या तुपासारखा होता. ते तिने उभं चिरलं, चिरुतेने आणून दिलेल्या विळीच्या पात्याने खरवडलं, बोटांत चोळलं. कापसासारखा भुसभुशीत पुंजका झाला. असे तीन पुंजके तिने केले, घाई न करता.

"एक आणि थोडी," राखणदार भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"मी ठिणगी धरते," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही भार द्या. दोरीला कोणीतरी हवं." मग ती ओदिक्कनांकडे वळली. तेही भिंतीकडे तोंड करून होते. तिने चिरुतेला मधे घेतलं नाही. "ओदिक्कन, दोरी ओढायला ब्राह्मण हवा. पाठ करून ओढता यायची नाही."

ओदिक्कन हलले नाहीत.

"पंचांना जे सांगायचं ते नीट पाहून तरी सांगा," ती म्हणाली.

पाठीकडून चिरुता म्हणाली, "वय झालंय त्यांचं. जमणार नाही."

"कोण म्हणतं जमणार नाही?" ओदिक्कन वळले. त्यांनी देवसेनेकडे पाहिलं, मग तिच्या सोललेल्या तळहातांकडे, आणि उपरणं कमरेला बांधून दोरीशी बसले.

सत्तर वर्षांच्या माणसाने अशी दोरी ओढली असेल, यावर त्यांच्या शिष्यांचाही विश्वास बसला नसता. मंथा घोंघावायला लागला. सोमयाजीच्या हातांची थरथर भाराखाली दबून गेली. धूर आला, दाटला, भुगा खोबणीतून पुंजक्यावर सांडला. देवसेनेने पुंजका उचलून ओंजळीत घेतला. आधी काहीच दिसेना. मग आतून एक तांबडा डोळा उघडला. ती फुंकू लागली, लांब आणि एकसारखी, बाळाच्या तोंडावर फुंकर घालावी तशी. डोळा मोठा झाला, पान काळं पडलं, कड पेटली.

ज्वाळा तिच्या ओंजळीतच उभी राहिली.

"अग्नये इदं न मम," ती म्हणाली. हे अग्नीचं, माझं नाही. खणखणीत आवाजात म्हणाली आणि पेटता पुंजका तिने कुंडात ठेवला. त्यावर छत्रीची उरलेली पानं, मग बांबूच्या काड्या, मग दांडा.

"पेटला का?" टेकडीच्या खालून चात्तूचा आवाज आला. तो पाचव्यांदा माणसं घेऊन आला होता आणि वर येता येत नसल्यामुळे होडीतच उभा होता.

"पेटलाऽऽ!" चिरुता कठड्यावरून ओरडली. खालच्या होड्यांतून, झाडांवरून, बुडालेल्या छपरांवरून आरोळ्या उठल्या. त्यातल्या निम्म्यांना काय पेटलं ते ठाऊक नव्हतं.

पाठमोरी माणसं आता बेचैन झाली होती. अग्नी प्रकटला की त्याला नमस्कार करायचा असतो, आणि तो पाठीने करता येत नाही. आधी एक वळला, मग सगळे. त्यांनी हात जोडले. समोर अग्नी होता आणि त्याच्याशेजारी उघड्या तोंडाची बाई. एकाला केलेला नमस्कार दुसऱ्याला लागणारच होता.

त्याच ज्वाळेवरून बाकीची दोन कुंडं पेटवली, दूध तापलं. वाटी बुडायला बोटभर उरलं असताना सोमयाजीने आहुती टाकली. घटिकापात्र डुबकन आवाज करून तळाला गेलं, तेव्हा दुधाचा वास मंडपभर पसरला होता.

"आता," घोळक्यातून कोणीतरी म्हणालंच, "छत्रीचं काय? ओदिक्कन, पंचांना काय सांगणार?"

ओदिक्कन अजून धापा टाकत होते. त्यांनी बोटाने थांबायची खूण केली. "छत्री कोणाची होती?" त्यांनी देवसेनेला विचारलं. तिलाच, सरळ.

"माझी."

"घराची नव्हे?"

"माझी. तेवढीच."

"तुम्ही ती टाकली, हरवली, की कोणी काढून घेतली?"

"अग्नीला दिली. त्यागाचे शब्द म्हणून दिली. तुम्ही ऐकलेत."

"बाईने त्याग म्हणायचा?" घोळक्यातला तोच आवाज.

"द्रव्य ज्याचं, त्याग त्याचा," ओदिक्कन म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाठशाळेतली चमक आली होती. "आणि यजमानपणात पत्नीचा अर्धा वाटा आहे. न मम म्हणून अग्नीत गेलं ते हव्य झालं. रोज दुधाचं होतं, आज छत्रीचं झालं. दूध दिलं म्हणून कोणावर आळ घेता येत नाही. पंचांनी विचारलं तर हेच सांगेन, आणि त्यांना सूत्र हवं असेल तर आधी माझ्याकडे शिकायला बसू दे."

सोमयाजी हसला. मोठ्याने, भर मंडपात. देवसेनेने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वारा फिरला. पाऊस मंडपाच्या उघड्या बाजूने आत घुसला आणि ज्वाळा जमिनीसरशी झोपली. देवसेना दोन्ही हात पसरून मधे उभी राहिली, पण तीन कुंडांना दोन हात कुठे पुरणार!

कोपऱ्यातली एक छत्री हलली. तिच्यामागून ओदिक्कनांची आई निघाली, नव्वदीची, कमरेत वाकलेली. तिने येऊन आपली छत्री जमिनीवर आडवी टेकवली, वाऱ्याच्या तोंडाला. ज्वाळा पुन्हा वर आली.

"अम्मा!" ओदिक्कन उठून उभे राहिले.

"ओरडतोस काय? मला आता कोण बघतंय!" म्हातारी म्हणाली. तिने बोळक्या तोंडाने देवसेनेकडे पाहिलं, गालाची काजळी अंगठ्याने पुसली, आणि कोपऱ्याकडे वळून म्हणाली, "अगं ए पोरींनो, बसलात काय? त्या बाजूनेही वारा येतोय."

दुसरी छत्री आली. मग तिसरी. मग बाकीच्या एकदम. कुंडांभोवती ताडपत्रांची भिंत उभी राहिली आणि तिच्या आत, पाऊस सुरू असताना, अग्नी सरळ जळत राहिला. पहाटेच्या आहुतीला दूध कोणत्या गायीचं घ्यायचं, यावर चिरुता आणि ओदिक्कनांची आई वाद घालू लागल्या होत्या. देवसेनेने हातांच्या जखमांना तूप लावलं आणि अग्नीजवळ, आपल्या जागेवर, बसली.